तळहाताएवढा पडदा आणि गरजेपलीकडचे चित्र

(लालबाग येथील एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यानंतरच्या काळात लालबाग-परळच्या चाळींत दूरचित्रवाणी संच आला, तो एका कुटुंबाचा म्हणून नव्हे, तर साऱ्या मजल्याचा म्हणून. ज्याच्या खोलीत संच असे, त्याच्या दाराशी शनिवारी-रविवारी चपलांचा ढीग पडे. मुले पुढे जमिनीवर, बायका खाटेवर आणि उरलेले गॅलरीत उभे, अशा रीतीने दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसे चित्रपट पाहत. त्या चित्राला एकंदर ६२५ ओळी होत्या आणि त्यांपैकी प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणाऱ्या ओळी ५७६. पुढे १९८२ साल उजाडले. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शनचे चित्र रंगीत झाले. गिरणगावाच्या घरातील चूल विझत असतानाच देशाच्या पडद्यावर रंग आले, हा योगायोग विसरता येण्याजोगा नाही.

आज त्याच चाळींतून, किंवा चाळी पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींतून, प्रत्येक तरुणाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे. तो सहा-साडेसहा इंचांचा आहे. आणि त्यावर ५७६ नव्हे, तर २१६० ओळींचे चित्र पाहता येईल असे त्याला सांगितले जात आहे. यालाच 'फोर-के' किंवा 'अल्ट्रा एचडी' म्हणतात. २०२३ साली आयपीएलचे सामने जिओसिनेमाने मोबाइलवर विनामूल्य दाखविले, तेव्हा फोर-के चित्राची जाहिरात मोठ्या अभिमानाने करण्यात आली होती. तेव्हा प्रश्न असा, की मोबाइलच्या पडद्यावर इतके बारीक चित्र वाहून आणणे खरोखर लाभाचे आहे काय? आणि असेल, तर कोणाच्या?

हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, सामान्य माणसाने त्यात पडू नये, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या गोष्टीसाठी कुटुंबाच्या मिळकतीतून दरमहा पैसा जातो, ती केवळ तंत्रज्ञाची बाब राहत नाही. ती अर्थशास्त्राची बाब होते आणि म्हणून राजकारणाचीही.

प्रथम डोळ्यांचा हिशेब पाहू. निरोगी मानवी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये साधारणतः एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर लागते. चष्म्याच्या दुकानात भिंतीवर अक्षरांचा जो तक्ता लावलेला असतो, तो १८६२ साली स्नेलेन या डच नेत्रवैद्याने याच मापावर रचला. मोबाइल डोळ्यांपासून तीस सेंटिमीटरवर धरला, तर हे अंतर भरते मिलिमीटरच्या अकराव्या-बाराव्या भागाएवढे. साडेसहा इंची मोबाइल आडवा धरल्यास त्यावरील चित्राची उंची होते सुमारे ६.८ सेंटिमीटर. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ७८० ओळी. म्हणजे तीस सेंटिमीटरवरून पाहणारा डोळा या पडद्यावर साधारण ७८० ओळींपर्यंतचाच तपशील टिपू शकतो. मोबाइल चाळीस सेंटिमीटरवर नेला, आणि चाळिशी उलटलेली बहुतेक माणसे तो तसाच लांब धरतात, तर हा आकडा ५८५ वर येतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या दूरदर्शनच्या चित्रात जितक्या ओळी दिसत, जवळजवळ तितक्याच!

काहींची दृष्टी सरासरीपेक्षा तीक्ष्ण असते, हे खरे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डोळ्याची क्षमता या जुन्या मापापेक्षा सुमारे दीडपटीने अधिक भरली. तो आकडा ग्राह्य धरला तरी तीस सेंटिमीटरवर मर्यादा जाते सुमारे बाराशे ओळींपर्यंत. २१६० ओळींची मजल त्यानेही गाठली जात नाही. शिवाय बहुतांश मोबाइलच्या पडद्याला मुळात १०८० ओळी किंवा त्याहूनही कमी असतात. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात आणि १०८० ओळींच्या चित्रात सुमारे २१ लाख. अशा मोबाइलवर फोर-के चित्र मागविले, तर यंत्र चार बिंदूंचा एक बिंदू करते आणि मगच ते दाखविते. चार पोती धान्य विकत घ्यावे, हमालाला चार पोत्यांची मजुरी द्यावी आणि घरात मात्र एकच पोते मावावे, असा हा व्यवहार आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. चित्राचा दर्जा केवळ ओळींच्या संख्येवर ठरत नाही. चित्र पाठविताना ते दाबून लहान केलेले असते. ते फार दाबले तर पळत्या चेंडूभोवती किंवा गुलालाच्या उधळणीत चौकोनी ठिगळे दिसू लागतात. फोर-के चित्राबरोबर माहितीचा ओघही मोठा येत असल्यामुळे लहान पडद्यावरही ते किंचित स्वच्छ दिसू शकते. परंतु याचा निष्कर्ष इतकाच, की ७२० किंवा १०८० ओळींचे चित्र नीट, पुरेशा ओघाने पाठवावे. त्यासाठी ओळी चौपट करण्याचे कारण उरत नाही.

आता पैशाचा हिशेब. नेटफ्लिक्स या कंपनीने आपल्या ग्राहकांना दिलेल्या अंदाजानुसार सर्वांत कमी दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे ०.३ जीबी डेटा लागतो, मध्यम दर्जाच्या चित्राला ०.७ जीबी, एचडी चित्राला ३ जीबीपर्यंत आणि अल्ट्रा एचडी चित्राला ७ जीबीपर्यंत. कष्टकरी घरांत रोज दीड जीबी देणारे रिचार्ज हे सर्वपरिचित आहे. हा दीड जीबी मध्यम दर्जाच्या चित्राला दोन तासांहून अधिक पुरतो, एचडीला अर्धा तास पुरतो आणि अल्ट्रा एचडीला अवघी तेरा मिनिटे. एका तासाच्या अल्ट्रा एचडी चित्रात जवळजवळ पाच दिवसांचा शिधा संपतो; आणि त्या बदल्यात डोळ्यांना जे मिळते ते, वर पाहिल्याप्रमाणे, दिसतच नाही.

घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविला जातो. पहिल्या भाकरीने भूक भागते, चौथी भाकरी जड होते. येथे तर चौथी भाकरी ताटात पडण्यापूर्वीच नाहीशी होते, आणि तिचे पैसे मात्र मोजावे लागतात. विशेष म्हणजे विकणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये भारतात केवळ मोबाइलसाठी १९९ रुपयांची योजना आणली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचा दर १४९ रुपये केला. त्या योजनेतील चित्र ४८० ओळींचे. त्याच वेळी अल्ट्रा एचडी चित्राच्या योजनेचा दर ठरला ६४९ रुपये. मोबाइलवर पाहणाऱ्याला ४८० ओळी चालतात, हा निष्कर्ष कोणा टीकाकाराचा नसून खुद्द विक्रेत्याने आपल्या दरपत्रकात लिहून ठेवला आहे.

मग हे गरजेपलीकडचे चित्र विकले का जाते? जॉन केनेथ गालब्रेथ या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली 'द अफ्लुएंट सोसायटी' या ग्रंथात असे दाखविले, की संपन्न समाजात गरजा आधी आणि उत्पादन नंतर हा क्रम उलटतो. उत्पादन करणारी संस्थाच गरजही निर्माण करते. मोबाइलच्या बाजारात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. २०२२ च्या लिलावात फाइव्ह-जी लहरींसाठी दूरसंचार कंपन्यांनी मिळून सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. त्यांत एकट्या जिओचा वाटा ८८ हजार कोटींचा होता. १ ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा देशात सुरू झाली. एवढे भांडवल गुंतल्यावर ती रुंद वाट वाहती ठेवणे भागच असते. निरोप, बँकेचे व्यवहार, शाळेचा अभ्यास यांनी ती भरत नाही. ती भरते चित्रांनी, आणि चित्र जितके जड तितकी वाट लवकर भरते.

त्यातच वाट आणि माल एकाच घराण्याच्या हाती जात आहेत. रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील दूरचित्रवाणी व चित्रप्रसारणाचे व्यवसाय नोव्हेंबर २०२४ मध्ये एकत्र झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'जिओहॉटस्टार' अवतरले. जो डेटा विकतो तोच चित्रही विकतो, अशी ही रचना आहे. ग्राहकाने कमी डेटात भागवावे, असे अशा विक्रेत्याला मनापासून का वाटावे? कंपन्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेने नफा पाहावा हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. परंतु तिच्या जाहिरातीला लोकहित समजण्याची चूक लोकांनी करू नये.

स्वस्ताईच्या युक्तिवादालाही येथेच उत्तर दिले पाहिजे. डेटा आता इतका स्वस्त आहे, की उधळला तरी काय बिघडले, असे विचारले जाते. २०१४ साली एका जीबीला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर दर कोसळले आणि २०१८ साली ते १२ रुपयांच्या आसपास आले. ही स्वस्ताई खरी होती आणि तिने गरिबाच्या हातात जग दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु सवय लागल्यावर दर कोणत्या दिशेने जातात, हेही दिसून आले आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढविले. जिओचे २८ दिवसांचे, रोज दीड जीबीचे रिचार्ज २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेले. म्हणजे एका रात्रीत २५ टक्के वाढ. 'अमर्याद फाइव्ह-जी'ची सवलतही रोज २ जीबी किंवा त्याहून अधिक देणाऱ्या महागड्या योजनांपुरती उरली. फोर-के पाहणारा आणि केवळ सुनेचा फोन घेणारी म्हातारी, दोघांच्याही रिचार्जवर ही वाढ पडली. एकाच्या चैनीसाठी उभारलेल्या क्षमतेचा खर्च दुसऱ्याच्या गरजेवर बसतो, तो असा.

पैशाइतकीच महत्त्वाची आणखी एक वस्तू या व्यवहारात खर्ची पडते. ती म्हणजे हवेतील जागा. घरातील तारेचे इंटरनेट आणि मोबाइलचे इंटरनेट यांत मूलभूत फरक आहे. मोबाइलच्या एका मनोऱ्याच्या एका दिशेला ठरावीक रुंदीच्या लहरी असतात आणि त्या परिसरातील सारी माणसे त्या वाटून घेतात. चाळीच्या सार्वजनिक नळाचाच हा प्रकार. एकाने पिंप लावले की मागच्याची कळशी थांबते. त्यातही जाड भिंतींच्या आतल्या खोलीत संदेश क्षीण पोहोचतो, आणि क्षीण संदेशावर तेवढीच माहिती पाठविण्यासाठी मनोऱ्याचा अधिक वेळ खर्ची पडतो. म्हणजे आतल्या खोलीत फोर-के पाहणारा माणूस आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी अधिक नळ अडवून बसलेला असतो, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

लालबागकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. भाद्रपदातील त्या दहा दिवसांत येथील रस्त्यांवर माणसांचा महापूर लोटतो. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासूनचा, गणेश गल्लीचे मंडळ १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे. चिवडा गल्लीपासून मसाल्याच्या बाजारापर्यंत पाय ठेवायला जागा नसते आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. अशा गर्दीत हरवलेल्या मुलाचा शोध लागण्यासाठी, घेरी आलेल्या वृद्धेकरिता रुग्णवाहिका बोलाविण्यासाठी फोन लागणे, संदेश पोहोचणे ही जीवनमरणाची बाब ठरू शकते. तेथे चित्राच्या चौपट ओळींना अग्रक्रम असावा, असे कोण म्हणेल?

याच उत्सवाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. राजाच्या दर्शनासाठी येथे दोन रांगा असतात, एक नवसाची आणि एक मुखदर्शनाची. आता तिसरी रांग निर्माण झाली आहे, ती मोबाइलवरच्या थेट दर्शनाची. या रांगेत कोण उभे आहे? गिरण्या बंद पडल्यावर जे कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परतले, त्यांच्यापैकी अनेक जण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्या गल्लीत उमेद घालविली, तिथला गणपती गावच्या ओसरीवर बसून तळहातावर पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. घाटाच्या कुशीतल्या वाडीत नेटवर्कची एखादी रेघ असते किंवा नसते. त्या वृद्धाला मुकुटावरचा प्रत्येक खडा वेगळा दिसण्याची आस नसते; आरतीच्या मध्यावर चित्र अडकू नये आणि ते गोल चक्र फिरत राहू नये, इतकेच त्याला हवे असते. त्याच्या दृष्टीने उत्तम चित्र म्हणजे न थांबणारे चित्र. ४८० ओळींचे अखंड दर्शन त्याच्यापर्यंत पोहोचविणे हा खरा विकास. ज्याच्याकडे आधीच सर्व आहे त्याच्या ओळी चौपट करणे हा विकासाचा आभास.

चित्राचा दर्जा उतरविला तर आकाश कोसळत नाही, हे देशाने एकदा अनुभवलेही आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर दूरसंचार यंत्रणेवर ताण येऊ लागला, तेव्हा दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने चित्रप्रसारण कंपन्यांना आवाहन केले आणि २४ मार्चला या कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर ४८० ओळींपलीकडचे चित्र १४ एप्रिलपर्यंत न पाठविण्याचे ठरविले. युरोपातही त्याच महिन्यात नेटफ्लिक्सने आपल्या चित्राचा ओघ कमी केला. त्या तीन आठवड्यांत लोकांनी बातम्या पाहिल्या, चित्रपट पाहिले, मुलांनी धडे पाहिले. संकटकाळात जे तत्काळ सोडून देता आले, ते गरजेचे नव्हते, एवढा बोध तरी त्यातून घेता येतो.

अर्थात उलट बाजूचा अतिरेकही टाळला पाहिजे. फळ्यावरची बारीक आकडेमोड वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ४८० ओळी अपुऱ्या पडू शकतात. त्याला ७२० किंवा १०८० ओळी मिळाल्याच पाहिजेत. मोठ्या पडद्यावर, जवळ बसून पाहणाऱ्याला फोर-केचा फरक जाणवतो. चित्रीकरण करणाऱ्यांना तर अधिक ओळींचा निश्चित उपयोग आहे. गिरणगावच्या उरल्यासुरल्या चिमण्या, चाळींचे जिने, जुन्या कामगारांच्या मुलाखती यांचे चित्रण उत्तमात उत्तम दर्जाने करून जपावे. पुढच्या पिढीला त्यातील तपशील हवा असेल. म्हणजे साठवण श्रीमंत असावी आणि वाटप काटकसरीचे. प्रश्न तंत्रज्ञानाच्या विरोधाचा नाही, ते कोठे लावावे याच्या विवेकाचा आहे.

गरिबाने कमी पाहावे आणि श्रीमंताने अधिक, असाही या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली. इंटरनेट सर्वांना समान असावे हे तत्त्व त्यामागे होते आणि ते जपलेच पाहिजे. गर्दीच्या वेळी दर्जा उतरवायचा, तर तो सर्वांचा सारखा उतरावा. अधिक पैसे मोजणाऱ्याला नळाशी वेगळी रांग नसावी.

यातून काही साध्या मागण्या निघतात. मोबाइलवर चित्र सुरू होताना दर्जा आपोआप ४८० किंवा ७२० ओळींवर असावा. ज्याला अधिक हवे त्याने ते जाणीवपूर्वक निवडावे. प्रत्येक दर्जासमोर तासाला किती डेटा जाईल हे मराठीत, स्पष्ट आकड्यांत लिहिलेले असावे. शेंगदाण्याच्या पुडीवर वजन छापण्याची सक्ती आहे, मग येथे का नसावी? उत्सव, पूर, अपघात अशा प्रसंगी २०२० प्रमाणे जड चित्रांना आवर घालण्याची पद्धत आधीच ठरलेली असावी, आयत्या वेळच्या आवाहनावर ती अवलंबून नसावी. आणि लहरींच्या लिलावातून सरकारी तिजोरीत येणाऱ्या पैशातून जेथे नेटवर्कची एकही रेघ नाही त्या वाड्यावस्त्यांवर आधी मनोरे उभे राहावेत.

या मागण्या मान्य होईपर्यंत एक गोष्ट प्रत्येकाच्या हाती आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा ४८० किंवा ७२० ओळींवर आणून ठेवावा आणि एकच सामना दोन्ही दर्जांत घरच्यांना दाखवून फरक विचारावा. मुले कदाचित ओळखतील, आजोबा बहुधा ओळखणार नाहीत. मग महिन्याअखेरीस उरलेल्या डेटाकडे पाहावे, आणि ज्या दिसत नव्हत्या त्या ओळींचे पैसे आजवर कोण भरत होते याचा हिशेब घरातल्या घरातच मांडावा.